विद्यापीठातले जुने संगणक भंगारात काढावेत का?

टिळकवाडीकर:
इथल्या एका विभागात डेड स्टॉकची खोली रिकामी करायचं चाललंय. आत २८६ प्रोसेसरचे तीन जुने संगणक, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि खोकंभर सव्वापाच इंची फ्लॉप्या आहेत. एका मशिनात पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड आहे, त्यासाठी माझा जीव तुटतोय. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीचा आजचा संकेत, रुळण्याआधी डॉस या विंडोजपूर्वीच्या प्रणालीवर देशी लिप्या याच कार्डानं दाखवल्या. सरांनी एकदा 'खानापूर' टाइप केलं, लिपी बदलली आणि तोच शब्द कन्नड अक्षरांत उभा राहिला. पुन्हा टाइप करायची गरजच नाही, कारण इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतप्रणालीत मराठीतला 'ख' आणि कन्नडमधला 'ख' यांचा संकेत एकच. १९९१ चं भारतीय मानक आहे ते. पाटीवरच्या लिपीवरून वाद पेटतात अशा आपल्या बेळगाव भागातून ही वस्तू किलोवर विकली जाऊ नये.

शहापूरची शिक्षिका:
सर, तळमळ कळते. पण मी रोज लॅब घेते, एकेका मशिनवर तीन-तीन पोरं बसतात. आणि अख्खी खोली अडगळीला? पावसाळ्यात तिथल्या भिंती पाझरतात, प्रिंटरवर बुरशी मी स्वतः पाहिलीय. कुलूप घालून ठेवलं म्हणजे जपलं असं होत नाही. फ्लॉप्यांवरच्या फायली उतरवून घ्या, बाकीचं २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत रीसायकलरला द्या. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं. डॉस तर आजच्या लॅपटॉपवरही एम्युलेटरनं, म्हणजे जुन्या मशिनाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामनं, चालतं.

टिळकवाडीकर:
डॉस चालेल हो मॅडम, पण अक्षरं कार्डावरच्या चिपांत आहेत. कार्ड गेलं तर उतरवलेल्या फायली त्या काळी पडद्यावर कशा दिसायच्या, ते पोरांना कशावर दाखवणार?

उद्यमबागचा मेकॅनिक:
वाद नंतर घाला, आधी बोर्डावरची बॅटरी काढा. बोटाच्या पेराएवढी, निळ्या वेष्टनाची असते. फुटली की त्यातलं क्षार तांब्याच्या रेघा खातं. हिरवट पूड दिसली तर व्हिनेगरनं पुसून घ्या. आणि इतक्या वर्षांनी थेट प्लग लावू नका, पॉवर सप्लायमधले कपॅसिटर धूर काढतात.

शहापूरची शिक्षिका:
कार्डाचं मशिन लॅबमधल्या काचेच्या कपाटात ठेवायला माझी हरकत नाही, ते पोरांना मीच दाखवीन. बाकी दोन मात्र जाऊ द्या.

टिळकवाडीकर:
ती दोन गेली तर कपाटातल्या मशिनाला सुटे भाग कुठून आणायचे? रविवारी येतो, निदान त्यांचे ड्राइव्ह आणि पॉवर सप्लाय तरी काढून घेऊ द्या.