विमानभाड्याचा हिशेब कोणी मांडणार आहे का?

हिशेबनीस
परवापासून एका मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, टीमची पोस्ट फिरतेय. परदेशात आठवडा-दीड आठवड्याची मिशन ट्रिप, म्हणजे सेवेची आणि धर्मप्रचाराची फेरी, करून आले. शाळेची भिंत बांधली, अनाथाश्रम रंगवला, कपड्यांच्या बॅगा वाटल्या, इतक्या मुलांनी प्रभूला स्वीकारलं. आणि शेवटी लिहिलंय, "घरी बसून टीका करणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं." खाली आमेनची रांग लागली आहे. मला आमेन म्हणवेना, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

मंडळीचे हिशेब मी बरीच वर्षं बघतोय. अशा ट्रिपचा अंदाजखर्च माझ्या हातावरून जातो. सगळ्यात वर विमानभाडं, मग व्हिसा, विमा, लसी, राहणं-खाणं, टीमचे टी-शर्ट. ज्या भिंतीसाठी एवढी वर्गणी काढली तिच्या विटा-सिमेंटची ओळ सगळ्यात खाली, आणि आकडाही सगळ्यात लहान. 1998 मध्ये मिच चक्रीवादळाने होंडुरासची वाताहत केली. नंतर उत्तर अमेरिकेतल्या मंडळ्यांच्या टीम घरं बांधायला गेल्या. कर्ट व्हेर बीक या समाजशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला. टीमचा प्रवासासकट खर्च धरला तर एक घर साधारण 30,000 डॉलरला पडलं. तिथली ख्रिस्ती संस्था तसंच घर 2,000 डॉलरमध्ये उभं करत होती. घर परदेशी टीमने बांधलं की तिथल्या माणसांनी, यामुळे त्या कुटुंबांच्या आयुष्यात काही फरक पडलेला दिसला नाही. जाऊन आलेल्यांच्या दानधर्मातही टिकाऊ बदल फारसा सापडला नाही.

बायबलमधला प्रेषित पौल प्रचारासाठी करिंथात दीड वर्ष राहिला, इफिसात तीन वर्षं. इंग्रज मिशनरी विल्यम केरी 1793 मध्ये बंगालात उतरले ते मायदेशी परत गेलेच नाहीत, 1834 मध्ये श्रीरामपूरलाच वारले. त्यांनी जे केलं त्याच्या पंगतीत या ट्रिपा बसवायच्या?

युवासंघ
इफिसची तीन वर्षं आठवली, थेस्सलनीकातले तीन शब्बाथ (उपासनेचे शनिवार) नाही आठवले? बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये 17 काढून वाचा. तीन शब्बाथ वाद घातला आणि मंडळी उभी राहिली. लूक 10 मध्ये प्रभूने सत्तर जणांना दोघादोघांनी धाडलं, तेही काही वर्षांच्या मुक्कामाला गेले नव्हते.

आता पैशाचं. तुम्ही समजताय की ट्रिप रद्द केली की तेच पैसे होंडुरासला जातील. जात नाहीत. लोक देतात ते समोरच्या पोराला ओळखतात म्हणून. त्याचा बाप्तिस्मा त्यांनी पाहिलेला असतो. तो "मी चाललोय, प्रार्थना करा" म्हणतो तेव्हा पाकीट उघडतं. ट्रिप नसेल तर पाकीट बंदच. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांच्या 2005 च्या सर्वेक्षणावरून एकट्या अमेरिकेतून वर्षाला 16 लाख प्रौढ मंडळी-सदस्य असे बाहेर जातात, असा अंदाज निघाला होता. ते सगळे फोटो काढायला जातात का?

हिशेबनीस
थेस्सलनीकातून पौल परतीचं तिकीट होतं म्हणून निघाला नाही. जमाव त्याला आसरा देणाऱ्या यासोनाच्या घरावर चालून आला म्हणून बांधवांनी त्याला रातोरात बाहेर काढलं. सत्तर जण गेले ते आपल्याच मुलखात, आपलीच बोली बोलणाऱ्यांकडे, आणि पिशवीसुद्धा न घेता. यजमान वाढेल ते खायचं, ही अट होती. ती अट पाळणारी टीम दाखवा.

आणि ओळखीच्या पोराशिवाय पाकीट उघडत नसेल तर तो मंडळीच्या शिकवणीतला दोष आहे. पौलाच्या काळात मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः कंगाल होत्या. त्यांनी यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी काढली आणि दोन-चार विश्वासू माणसांच्या हाती पोचती केली. भिंत बांधायला चाळीस जण नाही निघाले.

दुभाष्या
मी दुसऱ्या बाजूने सांगतो. पूर्व आफ्रिकेत कामाला होतो तेव्हा तिथल्या मंडळीत येणाऱ्या टीमसाठी दुभाष्याचं काम केलंय. टीम यायची त्या आठवड्यात शाळा बंद. वर्गखोल्यांत पाहुण्यांच्या गाद्या पडायच्या. पाळकबाई (तिथल्या धर्मगुरूंची बायको) पहाटे उठून पाणी उकळायच्या, गार करायच्या, बाटल्या भरायच्या, कारण पाहुण्यांचं पोट बिघडलं तर दोष यांच्यावर. मग मुलांसाठी सुट्टीतली बायबल शाळा. तीच बिनशब्दांची नाटिका, पाप म्हणून काळं फडकं, रक्त म्हणून लाल, शुद्ध झालं की पांढरं. मुलांना ती पाठ होती. पाहुणा लाल फडकं शोधत राहिला की पहिल्या रांगेतली एक मुलगी बोटाने दाखवायची, तिकडे आहे. शेवटी "कोण प्रभूला स्वीकारतो?" असं मी त्यांच्या भाषेत विचारायचो आणि हात वर व्हायचे. मागच्या टीमच्या वेळी वर झालेले तेच हात. प्रत्येक टीमने ते नव्याने मोजून घरी कळवले. त्या मुलांनी खोटेपणा केला असं मी म्हणत नाही. पाहुणे खूश होतात ते त्यांना कळत होतं.

पाळकांना मी विचारलं, तुम्ही नको का म्हणत नाही? ते म्हणाले, छपराचे पत्रे याच लोकांकडून येतात.

नर्सताई
सगळ्यांना एका मापाने मोजू नका. मी मेडिकल टीमबरोबर गेले आहे. आम्ही गेलो नसतो तर दुभंगलेल्या ओठाची ती मुलगी तशीच मोठी झाली असती. मर्सी शिप्स या जहाजावर रुग्णालय चालवणाऱ्या ख्रिस्ती संस्थेचं उदाहरण घ्या. 1978 पासून काम चालू आहे, जहाज एकेका बंदरात साधारण दहा महिने थांबतं, आणि त्यावर राहणारे स्वयंसेवक स्वतःचा राहण्याखाण्याचा खर्च स्वतः भरतात. एखादा भूलतज्ज्ञ दोन-तीन आठवड्यांसाठीच येतो. त्याचं येणं निरर्थक का?

दुभाष्या
नाही. पण तिथे रुग्णालय जागेवर राहतं, माणसं बदलतात. भूलतज्ज्ञ गेल्यावर टाके कोण काढणार हे आधी ठरलेलं असतं. मी पाहिलेल्या कॅम्पमध्ये रक्तदाबाच्या महिनाभराच्या गोळ्या दिल्या आणि पुढच्या महिन्याचं कोणी विचारलं नाही. नाडी कशी बघायची हे शिकलेलं नसलेली कॉलेजची पोरं दाब मोजत होती.

नर्सताई
ते आमच्या टीममध्ये चालत नव्हतं. पण चालतं, हे मीही पाहिलंय. इतकंच मान्य करते.

मार्था
मला बाकीच्या वादात पडायचं नाही, पण कपड्यांच्या बॅगांनी कोणाचं काय बिघडवलं? आमच्या महिला संघाने घड्या घालून, बटणं लावून, चांगले तेवढेच कपडे निवडले. रात्री थंडी वाजणाऱ्या लेकराला स्वेटर मिळाला तर त्यात पाप कुठलं? बायबलमधल्या दुर्कसने विधवांसाठी अंगरखे शिवले म्हणून पेत्राने तिच्यासाठी प्रार्थना केली.

दुभाष्या
मार्थाताई, दुर्कस यापोत राहून यापोतल्याच विधवांसाठी शिवत होती. ती वारली तेव्हा त्या विधवा तिच्या उशाशी रडत होत्या, कारण ती त्यांच्यातली होती.

आणि बिघडतं ते सांगतो. तिथे जुने परदेशी कपडे गाठोड्यांनी येतात, त्यांना मितुम्बा म्हणतात. बायका कर्ज काढून गाठोडं घेतात, सोडवतात, धुतात, इस्त्री करतात, बाजारात बसतात. तुमची टीम चर्चच्या आवारात तसेच कपडे फुकट वाटते त्या आठवड्यात त्यांच्यापुढे गिऱ्हाईक येत नाही. बाजाराच्या टोकाला गणवेश शिवणारा एक शिंपी बसायचा. टीमने गणवेशही बॅगेतून आणले त्या वर्षी शाळा उघडण्याच्या तोंडावर त्याचं मशीन नुसतं झाकलेलं होतं.

हिशेबनीस
हे नुसतं एका शिंप्यापुरतं नाही. पूर्व आफ्रिकी समुदायाच्या देशांनी 2016 मध्ये ठरवलं होतं की 2019 पर्यंत जुन्या कपड्यांची आयात थांबवायची, आपला कापडधंदा वाढवायचा. रवांडाने आयातकर किलोमागे 0.20 डॉलरवरून 2.50 डॉलरवर नेला. अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांनी तक्रार केली, दबाव आला, बाकीचे देश मागे सरले. रवांडा हटला नाही, तर 2018 मध्ये त्याच्या तयार कपड्यांची अमेरिकेतली करसवलत काढून घेतली. जो देश "कपडे नकोत" म्हणतोय त्याच्या गळ्यात ते मारायचे?

मार्था
आता माझ्या स्वेटरवरून तुम्ही आंतरराष्ट्रीय व्यापारापर्यंत पोचलात! माझी आई मिशनच्या बोर्डिंगमध्ये वाढली. नाताळाआधी परदेशातून पेटी यायची. त्यातला लाल लोकरीचा स्वेटर तिला मिळाला, बाह्या लांब होत्या म्हणून बाईंनी आतून दुमडून टाके घातले. ती उंच होत गेली तसे टाके उसवत गेले. पुढे तो मावशीने घातला. कुठल्या अनोळखी बाईने तो विणला हे आईला कधी कळलं नाही, पण ती रोज तिच्यासाठी प्रार्थना करायची. तुमचे सगळे आकडे मला त्या स्वेटरपुढे सांगू नका.

दुभाष्या
आईंच्या स्वेटरला कोण नावं ठेवतंय? पण पेटी बोर्डिंगच्या बाईंकडे आली. कोणत्या मुलीला काय लागतं ते त्यांना माहीत होतं. बाह्या दुमडायला त्या होत्या. विणणारी बाई फोटो काढायला स्वतः आली नव्हती. मी नेमकं हेच मागतोय.

मार्था
मग महिला संघाने बॅगा न देता पेटी पाठवावी म्हणता?

दुभाष्या
तिथल्या अशा बाईंना विचारून पाठवावी. त्या कापडाचे पैसे मागतील तर पैसे पाठवावेत.

मार्था
आमच्या बायकांच्या हाताला काम नको, फक्त पैसे हवेत, असाच अर्थ झाला. विचारून बघेन, पण मला हे आवडलेलं नाही.

युवासंघ
इथे सगळा धागा कपड्यांवर गेला आणि मूळ मुद्दा तसाच राहिला. मी अशाच ट्रिपला गेलो म्हणून आज मंडळीत आहे. विसाव्या वर्षी मी उपासनेला येणंच सोडलं होतं. तिथे एका आजोबांनी घरात एकच कोंबडी होती ती कापून आम्हाला जेवू घातलं आणि जेवणाआधी इतकी लांब प्रार्थना केली की मी रडलो. तुमच्या अभ्यासात टिकाऊ बदल सापडला नाही म्हणता, मी समोर बसलोय तो कोण? हिशेबनीस, तुम्ही आयुष्यभर खुर्चीत बसून पावत्या तपासल्यात, म्हणून तुम्हाला हे दिसत नाही.

हिशेबनीस
पावत्या तपासल्या म्हणूनच दिसतं. खुर्चीवर येऊ नका. तुमचं आयुष्य बदललं याचा मला मनापासून आनंद आहे. पण कोंबडी आजोबांची गेली. तुम्ही घेऊन आलात, त्यांना काय देऊन आलात, हे तुमच्या साक्षीत येत नाही.

आणि सगळे कपड्यांत गुंतलेत तोवर अनाथाश्रम राहून गेला. माझा सगळ्यात मोठा आक्षेप तिथे आहे. कंबोडियात 2005 ते 2010 मध्ये अनाथाश्रमांची संख्या सुमारे 75 टक्क्यांनी वाढली. त्या काळात तिथे अनाथ वाढले नव्हते. युनिसेफच्या पाहणीत आश्रमातल्या जवळजवळ तीन-चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात होते. पाहुणे आणि त्यांच्या देणग्या येतात म्हणून मुलं घरातून आणली जातात. ऑस्ट्रेलियात 2018 च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी हा प्रकार मुलांचा व्यापार म्हणून धरला गेला. 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या ठरावातही तो आला. हैतीत 2010 च्या भूकंपानंतर बाप्टिस्ट पंथाचे दहा अमेरिकन ख्रिस्ती 33 मुलांना कागदपत्रांशिवाय सीमेपार नेताना पकडले गेले. बहुतेक मुलांचे पालक जिवंत होते. त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही, पण त्या आईबापांना हेतू घेऊन काय करायचं?

नर्सताई
याला माझा दुजोरा. लहान मूल आठवडाभर एका ताईच्या कडेवर असतं, मग ती जाते, पुढच्या महिन्यात दुसरी येते. अशी मुलं कोणाही अनोळखी माणसाच्या गळ्यात पडतात. टीमवाले म्हणतात किती प्रेमळ आहेत. मुलांच्या वॉर्डात काम केलेल्या कोणालाही विचारा, ते मूल बरं नाही.

युवासंघ
आम्ही गेलो तो आश्रम मंडळीचाच होता. तिथली माणसं प्रामाणिक आहेत.

दुभाष्या
असतील. मुलांचे आईबाप कुठे आहेत, हे त्यांना विचारलंत का?

युवासंघ
नाही विचारलं. आम्हाला पाहुणे म्हणून ते विचारणं बरं वाटलं नाही.

ठीक आहे. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमातून अनाथाश्रमाची भेट काढायचा ठराव मी स्वतः युवक संघात मांडतो. पण ट्रिप रद्द होणार नाही, आणि तुमचा बाकीचा युक्तिवाद मला पटलेला नाही.

हिशेबनीस
मग अजून एक करा. विमानभाड्यासकट एकूण आकडा लिहून तिथल्या पाळकांना पत्र पाठवा. विचारा की एवढ्या पैशात तुमची मंडळी काय करेल, आणि त्यात आमच्यातले कितीजण तुम्हाला हवेत. त्यांनी पंधरा म्हटलं तर पंधरा जा, पावत्या मी फाडतो.

युवासंघ
पत्र पाठवू. आकडा घालायचा की नाही ते कमिटी ठरवेल.

हिशेबनीस
आकडा नसेल तर त्यांनी उत्तर कशाच्या जोरावर द्यायचं? कमिटीत मीही आहे. तिथे हेच विचारणार.