मदत हवी आहे: मेल चालू, पण सर्व्हरचं स्टेटस टूल लालच

खाताबाकी (सोमवार, १०:४०)
ऑफिसचा मेल सर्व्हर विंडोजवर आहे. त्याचं स्टेटस दाखवणारं टूल असतं ना, खाली घड्याळाजवळ छोटं चिन्ह, ते सकाळपासून लाल आहे. मेल व्यवस्थित चालू आहेत. टूल काढून परत टाकलं, पीसी दोनदा रीस्टार्ट केला, तेच. मी मूळचा अकाउंट्सवाला. आयटी बघणारा मुलगा दिवाळीनंतर सोडून गेला आणि हे गळ्यात पडलं. साहेब दर दहा मिनिटांनी खुर्चीमागे येऊन उभे राहतायत. हिरवं कसं करायचं तेवढं सांगा. अर्जंट.

तिरकस_कंस
कुठला सर्व्हर? कुठली आवृत्ती? टूल कुठल्या मशीनवर? हे म्हणजे ‘मी लोकलमध्ये आहे, कुठे उतरू’ असं झालं.

जुना_ॲडमिन
एवढं विचारायची गरज नाही. टूलवर राइट क्लिक, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर. विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिसेस, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम, वेगळ्या सेशनमध्ये चालतात. पडद्यावरचं चिन्ह हा निराळा प्रोग्रॅम, त्याला सर्व्हिसला विचारायची परवानगी नसली की लाल. आमच्याकडे दर वेळी हेच निघालं.

खाताबाकी
केलं. लालच.

फुकटसल्ला
स्वतःचा सर्व्हर ठेवतंय कोण आता? गुगलवर टाका सगळं आणि मोकळे व्हा.

जुना_ॲडमिन
माणशी दर महिन्याचं भाडं तुम्ही भरणार का? आमचा सर्व्हर विकत घेतला त्याला जमाना झाला, अजून चालतोय.

फुकटसल्ला
चालतोय, पण तुम्ही सुट्टीवर कधी गेला होतात?

मंद_आंच
आउटलुकची पीएसटी फाइल बघा, मेल साठवते ती. जुन्या प्रकारच्या फाइलला २ जीबीची मर्यादा होती, आउटलुक २०१० पासून ५० जीबी. माझी भरली तेव्हा आउटलुक उघडायलाच तयार नव्हतं.

तिरकस_कंस
त्यांचं आउटलुक उघडतंय हो. खाताबाकी, टूल सर्व्हरवरच आहे की दुसरीकडे?

खाताबाकी
माझ्या डेस्कटॉपवर. सर्व्हर आतल्या खोलीत एसीखाली असतो. सांगायचं राहिलं का?

तिरकस_कंस
राहिलं. टूलच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा पत्ता काय आहे? तो पिंग करा.

खाताबाकी
१९२.१६८.१.१०. पिंगला उत्तर येतंय. म्हणजे सर्व्हर ठीक आहे, टूलच बिघडलंय. मी तेच म्हणत होतो.

जुना_ॲडमिन
सर्व्हरचा फायरवॉल बंद करून बघा.

तिरकस_कंस
काहीही बंद करू नका!! तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाका आणि काय उघडतं ते लिहा.

खाताबाकी
प्रिंटर उघडला. वर पिवळ्या पट्टीत ‘टोनर कमी’ लिहिलंय. हा आमचा झेरॉक्सशेजारचा प्रिंटर आहे.

फुकटसल्ला
😂😂 साहेबांना सांगा, सर्व्हरचा टोनर संपलाय.

तिरकस_कंस
आता सर्व्हरवर बसा, कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग टाका, मशीनचा खरा पत्ता दाखवतं. आणि खरं सांगा, एवढ्यात राउटर बदललाय का?

खाताबाकी
शेवटी १०७ दाखवतोय. हो, शनिवारी संध्याकाळी इंटरनेटवाल्याचा माणूस नवा राउटर बसवून गेला. पण नेट तर मस्त पळतंय, त्याचा इथे काय संबंध?

तिरकस_कंस
तोच संबंध. जुन्या राउटरमध्ये सर्व्हरसाठी .१० राखून ठेवलेला असणार. नव्याला ते माहीत नाही, त्याने .१० प्रिंटरला दिला आणि सर्व्हरला .१०७. तुमचं आउटलुक सर्व्हरला नावाने शोधतं म्हणून चालतंय. टूलमध्ये आकडा टाकलाय, ते प्रिंटरला विचारत बसलंय. आता मला सांगा, मेल चालू आहेत हे कशावरून?

खाताबाकी
स्वतःला पाठवून बघितला. शेजारच्या टेबलावरही गेला.

तिरकस_कंस
ते घरातल्या घरात. शनिवार संध्याकाळनंतर बाहेरून आलेला एक तरी मेल दाखवा.

खाताबाकी (११:५५)
शेवटचा शनिवारी ५:५२ चा. शिपिंग लाइनचा. काल रविवार म्हणून आणि आज सकाळी सगळे व्हॉट्सॲपवर, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. न्हावाशेवाचे दोन कंटेनर आज सोडवायचेत आणि माल ताब्यात द्यायची डिलिव्हरी ऑर्डर मेलवर येणार होती. आता काय करू??

तिरकस_कंस
त्या माणसाने जुन्या राउटरचे पोर्टचे नियम, म्हणजे बाहेरून आलेलं आत कुठल्या पत्त्यावर द्यायचं ते, जसेच्या तसे उतरवलेत, .१० सकट. बाहेरून पोर्ट २५ वर (मेलचा पोर्ट) येणारा प्रत्येक मेल प्रिंटरचं दार ठोठावतोय. घाबरू नका. दार उघडलं नाही तर पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हा येतो. मेल कसा पोचवायचा याचे नियम असलेल्या २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्ये लिहिलंय, किमान ४-५ दिवस तरी सोडू नका. ऑर्डर मात्र फोन करून परत मागवा, दोन प्रयत्नांत अर्धा तास किंवा जास्तही जातो. प्रिंटर बंद करा, राउटरमध्ये .१० सर्व्हरसाठी राखा, सर्व्हर रीस्टार्ट, मग प्रिंटर चालू.

जुना_ॲडमिन
राखायचा कशाला? सर्व्हरवरच पत्ता पक्का टाका. उद्या परत राउटर बदलला की परत हाच धागा.

तिरकस_कंस
आणि राउटरने तोच पत्ता दुसऱ्याला वाटला की भांडण. वाटपाच्या यादीतून आधी वगळावा लागतो, ते त्यांना आज जमणार नाही.

जुना_ॲडमिन
जमेल हो. बरं, तुमचं खरं. पण मी म्हटलं होतं की टूल ॲडमिन म्हणून चालवा, तेही चूक नव्हतं.

खाताबाकी (१:२५)
हिरवं झालं! सव्वा वाजता पहिला मेल टपकला, आता एकेचाळीस आहेत आणि अजून येतायत. ऑर्डर फोन केल्यावर परत पाठवली, आमचा माणूस निघाला. साहेब म्हणाले, “बघ, रीस्टार्ट केल्यावर झालं ना.” तिरकस_कंस, मस्जिद बंदरला कधी आलात तर चहा माझ्याकडून. आणि जाता जाता, टोनर स्वस्तात कुठे मिळेल?

मंद_आंच
लॅमिंग्टन रोड. पण रिफिल केलेला घेऊ नका. पीएसटी बघितलीत का?