‘मेटाबोलिक सिंड्रोम’ला मराठीत काय म्हणावं? (सीओपीडीच्या माहितीपत्रकासाठी)

निरगुडी:
सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद होऊन कायम दम लागण्याचा आजार) रुग्णांना द्यायचं पत्रक मराठीत करायचं आहे. ‘मेटाबोलिक सिंड्रोम’ला कोशात ‘चयापचय संलक्षण’ मिळतं. रुग्णाला ते कळेल का? ‘चयापचयाचा विकार’ लिहिलं तर?

कातळ:
‘विकार’ नको. हा एक आजार नव्हे, हृदयविकार आणि मधुमेहाचा धोका वाढवणाऱ्या, एकत्र आढळणाऱ्या गोष्टींचा गट आहे, आणि ‘संलक्षण’ नेमकं तेच सांगतं. अडचण ‘चयापचय’ची आहे. चय म्हणजे शरीरात पदार्थांची घडण, अपचय म्हणजे त्यांची मोड. पण वाचणारा ‘अपचय’चं ‘अपचन’ करतो आणि पित्ताची गोळी शोधतो. शीर्षकात ‘चयापचय संलक्षण (मेटाबोलिक सिंड्रोम)’ एकदाच लिहा आणि लगेच पाच गोष्टी द्या. त्यांपैकी कुठल्याही तीन असल्या की निदान होतं:

पोटाचा घेर पुरुषांत 90 सेंमी किंवा जास्त, बायकांत 80 किंवा जास्त (हे आकडे भारतीयांसाठी). ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) 150 किंवा वर. एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) पुरुषांत 40 च्या, बायकांत 50 च्या खाली. रक्तदाब वरचा 130 किंवा खालचा 85, किंवा त्याहून जास्त. उपाशीपोटी साखर 100 किंवा वर. गोळ्या चालू असल्यामुळे आकडा आटोक्यात असेल, तरी ती गोष्ट धरायची. हे वाक्य गाळू नका, बीपीची गोळी घेणारा ‘माझं नॉर्मल आहे’ म्हणून पुढे जातो.

अष्टदिशा:
‘कंबर’ न लिहिता ‘पोटाचा घेर’ लिहिलंत हे फार बरं केलंत. कंबर म्हटलं की माणूस पँटचा नंबर सांगतो. पोट सुटलेल्याची पँट पोटाखाली बसते, त्यामुळे घेर बराच कमी येतो. टेप लावायची शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये, उभं राहून, नेहमीसारखा श्वास सोडून झाल्यावर.

सीओपीडीत इथेच गडबड होते. छाती पिंपासारखी फुगलेली, हवा आत अडकलेली, श्वास सोडायला वेळ लागतो. चालून आल्या आल्या मोजू नका. बसवा, धाप शमू द्या, मग उभं करा. ‘जोरात फुंका’ अजिबात म्हणू नका, पोट आत जातं.

कातळ:
आणि ‘लठ्ठपणा’ हा शब्द पत्रकातून काढाच. या रुग्णांचे स्नायू झडतात, हातापायांच्या काड्या होतात, पोट मात्र पुढे येतं. उंची 170 सेंमी, वजन 64 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22, अगदी योग्य. तरी घेर 94 भरू शकतो. अशा माणसाला ‘लठ्ठ’ म्हटलं तर हे आपल्यासाठी नाही असं त्याला वाटणार. ‘वजन कमी करा’ हेही सरसकट लिहू नका. जेवण तोडलं की आधी उरलेसुरले स्नायू जातात. डाळ, अंडी, दूध चालू ठेवून झेपेल तेवढं चालणं आणि हातापायांचे व्यायाम, असं लिहा.

सांजवात:
‘स्टेरॉइड’ शब्दही फोड करून हवा. लोक पंपालाही (औषध श्वासातून ओढायचा इन्हेलर) स्टेरॉइड म्हणतात आणि साखरेच्या भीतीने पंप सोडतात. मग दम वाढतो आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांची वेळ येते, म्हणजे साखर वाढवणारं औषध उलट जास्त पोटात जातं. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये (मिलिग्रॅमचा हजारावा भाग) असतं. दम एकाएकी वाढला की देतात त्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या मिलिग्रॅममध्ये, सहसा रोज 40, पाच दिवस.

गोळी सकाळी घेतली की साखर दुपारपासून रात्रीपर्यंत चढते, पहाटे पुन्हा उतरते. म्हणून त्या दिवसांत नुसती ‘उपाशीपोटी’ तपासली तर काही सापडत नाही. ‘दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी’ असे शब्द घाला.

निरगुडी:
सगळ्यांचे आभार. पहिलं वाक्य असं जमतंय का? ‘दम्याच्या रुग्णांनी फुफ्फुसासोबत पोटाचा घेर, बीपी, साखर आणि चरबीही तपासावी.’

अष्टदिशा:
‘दमा’ नको. घरात दोन्हीला दमा म्हणत असले तरी अस्थमा वेगळा, उपचारही वेगळे. ‘सीओपीडीच्या रुग्णांनी’ लिहा. ‘चरबी’ म्हटलं की पोटावरची वाटते, ‘रक्तातली चरबी’ लिहा. आणि प्रमाणलेखनात ‘फुप्फुस’.