मदत हवी आहे: ६ मायक्रॉनसाठी कोणता क्रिस्टल?
नमस्कार मंडळी. १०६४ नॅनोमीटरच्या नॅनोसेकंद लेसरने ऑप्टिकल पॅरामेट्रिक ऑसिलेटर (पंप लेसरचा प्रकाश क्रिस्टलमध्ये दोन लांब तरंगलांबींत विभागणारं उपकरण) चालवून ६ मायक्रॉनचा आयडलर (त्या दोनांतला जास्त लांब तरंगलांबीचा किरण) काढायचा आहे, म्हणजे सिग्नल (दुसरा किरण) साधारण १.२९ मायक्रॉनवर येईल. लिथियम नायोबेट ५ मायक्रॉनच्या आतच प्रकाश गिळायला लागतो, त्यामुळे ते बाद. झिंक जर्मेनियम फॉस्फाइड कितीही गुणी असलं तरी १ मायक्रॉनच्या आसपास शोषण करतं, त्याला २ मायक्रॉनच्या पुढचा पंप लागतो आणि तो (अर्थातच!) माझ्याकडे नाही. उरलं सिल्व्हर थायोगॅलेट. फेज मॅचिंग (क्रिस्टलमध्ये तिन्ही प्रकाशलहरींची लय जुळणं) जमतं, पण उष्णता वाहून नेण्यात अगदीच मंद आणि पृष्ठभाग लवकर जळतो. त्यापेक्षा बेरियम गॅलियम सेलेनाइड बरं पडेल का? कुणी १०६४वर वापरलंय? कोटिंग आधी जातं की क्रिस्टल? पंपाची तीव्रता कितपत ठेवता?