इराकमध्ये लोकशाही रुजेल का? – ‘दंडुकाच हवा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

मृणाल_अबुधाबी :
काल एका सदस्यांनी लिहिले, की ‘अरबांच्या रक्तातच लोकशाही नाही, इराकला सद्दामसारखा दंडुकाच हवा.’ दोन ओळींत कोट्यवधी माणसांचा निकाल लावलेला पाहून मला रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

अमेरिकेने २००३ मध्ये सद्दामला हटवल्यानंतर झालेल्या इराकच्या पहिल्या निवडणुकीसाठी जानेवारी २००५ मध्ये परदेशस्थ इराकींचे मतदान अबुधाबीतही झाले. आमच्या कचेरीतला बसऱ्याचा सर्वेक्षक मत देऊन आला, तेव्हा त्याची तर्जनी पेरापर्यंत जांभळी होती. चहाचा पेला त्याने मुद्दाम दुसऱ्या हातात धरला होता आणि पुढचे काही दिवस जेवणापूर्वी तो ते बोट जपून धूत असे. तोवर त्याच्या देशात मतदान म्हणजे सद्दामच्या नावाला ‘हो’ म्हणणे एवढेच होते, कारण ऑक्टोबर २००२ च्या सार्वमतात त्या हुकूमशहाला शंभर टक्के मते पडल्याचे जाहीर झाले होते. बाँबस्फोटांच्या धमक्या असताना ३० जानेवारीला सुमारे ८५ लाख इराकी रांगेत उभे राहिले. त्यांच्या रक्तात काय आहे, हे आपण इथे बसून ठरवणार का?

शशांक_ना :
‘रक्तात’ हा शब्द मलाही मान्य नाही. पण शाई लागलेले बोट म्हणजे लोकशाही नव्हे. त्याच निवडणुकीवर सुन्नींनी बहिष्कार टाकला आणि सुन्नीबहुल अनबार प्रांतात जेमतेम दोन टक्के मतदान झाले. ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यघटनेवर सार्वमत झाले, तेव्हा अनबार आणि सलाहुद्दीन या सुन्नीबहुल प्रांतांनी दोन तृतीयांशांहून अधिक मतांनी मसुदा फेटाळला. निनेवे प्रांतातही बहुमत विरोधातच गेले, पण दोन तृतीयांशांना कमी पडले, आणि मसुदा फेटाळायला तीन प्रांत लागत असल्यामुळे तो संमत झाला. ज्या घटनेला एका अख्ख्या समाजाने नकार दिला, ती घटना त्या समाजाची कशी? पुढच्या फेब्रुवारीत समाऱ्याच्या अस्करी या शियांच्या पवित्र दर्ग्याचा घुमट उडवला गेला आणि बगदादमध्ये नाव विचारून माणसे मारली जाऊ लागली. जिथे बंदूक एकट्या राज्याच्या हातात नाही, तिथे निवडणूक ही शिरगणती ठरते. आधी राज्य, मग मतपेटी, एवढेच माझे म्हणणे आहे.

जुना_बसराकर :
राज्य होतेच की! मी १९८१ ते १९८६ या काळात बसऱ्याजवळ एका भारतीय कंत्राटदाराकडे नोकरीला होतो. (त्याच्याकडची माझी अकरा महिन्यांची थकबाकी आजही यायची आहे, पण ते असो.) आमचा भांडारपाल सुन्नी आणि ट्रकचालक शिया; दोघे एकाच परातीतून जेवत आणि कोण कोणता हे मला तिसऱ्या वर्षी कळले. ते राज्य मोडले कोणी? अमेरिकेने इराकवर नेमलेले प्रशासक पॉल ब्रेमर यांनी मे २००३ मध्ये आठवड्याच्या अंतराने दोन आदेश काढले. पहिल्याने सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळीतले सगळे नोकरीबाहेर गेले. दुसऱ्याने सुमारे चार लाखांचे सैन्य बरखास्त झाले. पगार थांबला आणि बंदूक मात्र घरातच राहिली. लोकशाही रुजेल का, हा प्रश्न इराकींना विचारण्याआधी वॉशिंग्टनला विचारावा.

मृणाल_अबुधाबी :
काका, ते आदेश घातक होते, याबद्दल माझा वाद नाही. परंतु ज्या सैन्याचे तुम्ही दुःख करता, त्याच राजवटीने १६ मार्च १९८८ रोजी हलब्जात विषारी वायू सोडून सुमारे पाच हजार कुर्दांना मारले आणि १९९१ मध्ये दक्षिणेतला शियांचा उठाव चिरडला. तेच सैन्य पुन्हा दारात उभे राहिले असते, तर कुर्दांनी आणि बसऱ्याच्या लोकांनी त्यावर विश्वास कसा ठेवला असता?

जुना_बसराकर :
ताई, मला हलब्जा शिकवू नका. आमच्या छावणीतला एक अभियंता एका सकाळी कामावर आला नाही. दुपारी त्याची खाट उचलून नेली आणि त्यानंतर त्याचे नाव कोणी घेतले नाही, मीही घेतले नाही. तेव्हा ती शांतता कशाची होती, हे मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरीही २००६ मध्ये माझा तो ट्रकचालक आणि त्याचा भाऊ दोघेही मारले गेले, आणि ते सद्दामने मारले नव्हते. हे दोन हिशेब मला एकमेकांतून वजा करता येत नाहीत. हलब्जाला माझ्याकडे उत्तर नाही, हे मात्र मान्य करतो.

वाळूजकर :
आपण सगळे २००३ मध्येच अडकलो आहोत. ऑक्टोबर २०१९ मध्ये बगदादच्या तहरीर चौकात, नासिरियात आणि बसऱ्यात जी मुले उतरली, त्यांतली बरीच २००३ मध्ये चालायला शिकत होती. रुग्णवाहिका पोहोचेनात, तेव्हा जखमींना तीनचाकी टुकटुकमधून रुग्णालयात नेले गेले. त्यांत बजाजच्या गाड्या पाहून आमच्या औद्योगिक वसाहतीत कितीतरी दिवस तोच विषय होता. त्यांची घोषणा होती ‘नुरीद वतन’, आम्हाला देश हवा. शिया तरुण शियांच्याच वर्चस्वाखालच्या सरकारविरुद्ध उभे होते आणि पंतप्रधान शियांचा, राष्ट्राध्यक्ष कुर्दांचा, सभापती सुन्नींचा ही मुहासासाची वाटणी बंद करा, असे म्हणत होते. पाचशेहून अधिक माणसे मेली, पंतप्रधान अदिल अब्दुल महदी यांना जावे लागले आणि निवडणूक कायदा बदलला. लोकशाहीची मागणी याहून स्पष्ट कशी असते?

शशांक_ना :
मागणीबद्दल शंका नाही, फळ काय मिळाले ते सांगा. २०१० मध्ये अयाद अल्लावींच्या आघाडीला ९१ आणि तेव्हाचे पंतप्रधान मलिकी यांच्या आघाडीला ८९ जागा मिळाल्या. न्यायालयाने ‘सर्वांत मोठा गट निवडणुकीनंतरही जुळवता येतो’ असा अर्थ लावला आणि पंतप्रधान मलिकीच राहिले. २०२१ मध्ये शिया धर्मगुरू मुक्तदा सद्र यांच्या गटाला सर्वाधिक ७३ जागा मिळाल्या, पण सरकार बनेना, म्हणून जून २०२२ मध्ये त्यांचे सगळे खासदार राजीनामा देऊन बाहेर पडले आणि त्यांच्या विरोधकांनी सरकार बनवले. त्यात हश्द या बहुतांशी शिया निमलष्करी दलाच्या सशस्त्र गटांना २०१६ पासून कायद्याचेच संरक्षण आहे. तिथली मातीच अजून तयार नाही, हे मी दुःखाने म्हणतो आहे.

मृणाल_अबुधाबी :
माती! ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याच मातीबद्दल हेच सांगितले होते: ही माती मुळात लोकशाहीची नाही, लोकशाही हा वरचा थर आहे आणि घटनात्मक नीतिमत्ता जोपासावी लागते. ती आयती येते, असे त्यांनी कुठे म्हटले? आपल्याला सैन्य आणि प्रशासन अखंड मिळाले, इराकला ते मोडून मिळाले, हा फरक मोठा आहे, आणि बंदुकीचा तुमचा मुद्दाही मी खोडू शकत नाही. पण हेही पाहा: १९५८, १९६३ आणि १९६८ मध्ये बगदादची सत्ता बंडाने उलटली; २००५ ते २०२२ या काळात मात्र जाफरी, मलिकी, अबादी, अब्दुल महदी, काधिमी आणि सुदानी असे सहा पंतप्रधान झाले, आणि यांतल्या कोणालाही रणगाड्यांनी हटवले नाही.

शशांक_ना :
यांतल्या एकाही बदलात रणगाडा नव्हता, हे मान्य करावे लागते, आणि मी आधी त्याचा विचार केला नव्हता. परंतु रणगाडा न येणे आणि मतदाराचे ऐकले जाणे यांत मोठे अंतर आहे. तुमचा तो सर्वेक्षक २०२१ मध्ये मत द्यायला गेला का, ते प्रामाणिकपणे सांगा.

मृणाल_अबुधाबी :
नाही गेला. तो निवृत्त होऊन बसऱ्यात परतला आहे आणि ‘पुन्हा तीच वाटणी होणार’ म्हणून घरीच बसला, असे त्याने मला दूरध्वनीवर सांगितले. त्याची मुलगी २०१९ मध्ये चौकात होती. तिने मत दिले आणि तिचा उमेदवार पडला. त्यावरून बापलेकींचे अजून भांडण चालू आहे.