कॉलेजच्या अध्ययन केंद्रात विद्यार्थी-मार्गदर्शकाचं काम: नेमकं काय करावं लागतं?

कातळफूल
नमस्कार. आमचं कॉलेज रत्नागिरी जिल्ह्यात आहे. जूनपासून तिथे अध्ययन साहाय्य केंद्र सुरू होतंय आणि 'कमवा व शिका'मधून वरच्या वर्गातली मुलं मार्गदर्शक म्हणून घेणार आहेत. मी केमिस्ट्री घेऊन टीवायला जाईन. एफवायच्या मुलांना गणितं सोडवून द्यायची, की धडा परत शिकवायचा? निवड करताना काय बघतात? रोज एसटीने जाऊन-येऊन हे जमतं का? जाणकारांनी सांगावं.

खाडीपलीकडे
दोन्ही नाही. धडा शिकवायला प्राध्यापक आहेत, आणि तू सोडवून दिलेलं गणित त्या मुलाला परीक्षेत परत सुटत नाही. मूल नेमकं कुठे अडलंय ते शोधायचं आणि तेवढीच गाठ त्याच्याकडून सोडवून घ्यायची, हे तुझं काम.

तुझ्याच विषयातलं उदाहरण घे. ०.१ मोलर ऑक्झॅलिक ॲसिडचं २५० मिली द्रावण करायचंय. मुलगा २.२५ ग्रॅम वजन काढून आणतो आणि टायट्रेशनचं उत्तर जुळत नाही म्हणून वैतागतो. त्याने रेणुभार ९० धरलेला असतो. बाटलीतल्या ॲसिडच्या प्रत्येक रेणूला मात्र पाण्याचे दोन रेणू जोडलेले असतात, म्हणून रेणुभार १२६ आणि वजन ३.१५ ग्रॅम. २.२५ ग्रॅममध्ये द्रावण जेमतेम ०.०७१ मोलर होतं. "१२६ घे" म्हणालास तर दोन मिनिटांत मोकळा होशील, पण पुढच्या आठवड्यात फेरस अमोनियम सल्फेटला तोच घोळ होईल, कारण त्यात पाण्याचे सहा रेणू असतात. म्हणून बाटली त्याच्या हातात द्यायची, लेबलवरचं सूत्र मोठ्याने वाचायला लावायचं आणि गप्प बसायचं. ही शांतता नव्या मार्गदर्शकाला सोसवत नाही, तो मधेच बोलतो. मनात सावकाश दहापर्यंत मोजायची सवय लाव.

पेन कायम समोरच्याच्या हातात हवं. ४५ मिनिटांची बैठक असेल तर पहिली दहा मिनिटं त्याची वही बघण्यात जाऊ देत आणि शेवटची पाच त्याने त्याच प्रकारचं नवं गणित एकट्याने करण्यासाठी ठेव. तीन-चार जण एकत्र आले तर उत्तम, एकाचं अडलेलं दुसरा सांगतो. सहाच्या वर गेले की त्याचा वर्गच होतो.

मुचकुंदी
निवडीबद्दल सांगते. त्या विषयात चांगले गुण हवेतच, पण टॉपरच चांगला मार्गदर्शक होतो असं नाही. ज्याला सगळं पटकन समजतं त्याला दुसरा कुठे अडला हे दिसत नाही. मुलाखतीत बहुतेक वेळा एखादं चुकलेलं उत्तर पुढे ठेवून "याला काय विचाराल?" असं विचारतात. चूक दाखवलीत तर अर्धे गुण, चूक त्याला सापडेल असा प्रश्न विचारलात तर पूर्ण.

प्रशिक्षणाचा आग्रह धरा. अमेरिकेत विद्यापीठांतल्या शिकवणी कार्यक्रमांना सीआरएलए ही संघटना मान्यता देते. तिच्या पहिल्या पातळीलाही १० तासांचं प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष मार्गदर्शनाचे २५ तास लागतात. आपल्याकडे निदान पहिल्या आठवड्यात अनुभवी प्राध्यापकांजवळ बसून चार-पाच बैठका बघायला मिळाव्यात.

मानधन तासावर असतं आणि दर विद्यापीठानुसार, वर्षानुसार बदलतो. चालू वर्षाचं परिपत्रक ऑफिसात मागून वाचा, ऐकीव आकड्यावर जाऊ नका. पैसे अडकतात ते बहुधा हजेरीपत्रकामुळे. त्याच दिवशी तारीख, वेळ, विषय लिहून सही घ्या. महिनाअखेरीला सगळ्या सह्या एकदम घ्यायला गेलात की सर नेमके पेपर तपासायला गेलेले असतात. बँक खातं चालू आणि स्वतःच्या नावावर आहे ना, हे आधीच बघा.

पालशेतवाला
केंद्राची वेळ एसटीवर ठरते, हे ऑफिसला आधीच पटवून द्या. संध्याकाळी पाचनंतरची बैठक कागदावर छान दिसते, पण गावात मुक्कामाला जाणारी गाडी त्याच सुमारास सुटते आणि ती चुकली की घरी जायची सोय नाही. म्हणून सकाळच्या लेक्चरांमधला मोकळा तास किंवा जेवणाच्या सुट्टीला जोडून वेळ घ्यावी. पावसात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, तेव्हा सराव प्रश्नांच्या छापील प्रती कपाटात हव्यातच.

वर्षाचा चढ-उतारही ओळखून ठेवा. जुलैत कोणी फिरकत नाही, गणपतीत कॉलेज ओस पडतं आणि सुट्टी संपली की परीक्षेच्या धास्तीने एकदम झुंबड उडते. तुमच्या स्वतःच्या परीक्षाही तेव्हाच असतात. आठवड्याला सहा ते आठ तासांच्या वर कबूल होऊ नका.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. केंद्राला 'कच्च्या मुलांचा वर्ग' असं नाव पडलं की संपलं. ज्याला खरी गरज आहे तोच दाराबाहेरून परत जातो, विशेषतः मराठी माध्यमातून आलेला, इंग्रजी पुस्तकाने आधीच बिचकलेला मुलगा. १९७३मध्ये कॅन्सस सिटीतल्या मिसूरी विद्यापीठात जी पूरक मार्गदर्शनाची पद्धत सुरू झाली, तिने हा पेच नीट सोडवला. तिथे मुलं कच्ची ठरवत नाहीत, विषय अवघड ठरवतात. मार्गदर्शक त्या विषयाच्या तासाला स्वतः बसतो आणि बैठक सगळ्यांना खुली असते. आपल्याकडेही पाटीवर 'अकाउंट्स, घसारा: बुधवार ११ वाजता' असं लिहावं. १ ऑक्टोबरला घेतलेल्या लाखाच्या मशीनवर वर्षाला १० टक्क्यांनी ३१ मार्चला घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, ५,००० आणि घटत्या शिल्लक पद्धतीने पुढच्या वर्षी ९,५०० का, हे हुशार मुलांनाही अडतं. तीही येऊन बसतात, मग कोणालाच लाज वाटत नाही.

कातळफूल
खूप आभार सगळ्यांचे. एक राहिलं. ओळखीची मुलं जर्नल किंवा असाइनमेंट लिहून मागणार हे नक्की. गावातल्याच मुलाला नाही कसं म्हणायचं?

खाडीपलीकडे
नियम तुझा नको, केंद्राचा हवा. "गुण मिळणारं काम इथे लिहून मिळणार नाही" असं प्राचार्यांच्या सहीने भिंतीवर लावून घे आणि त्याकडे बोट दाखव. लगेच जर्नलमधलं त्याचं निरीक्षण कोष्टक उघड. ब्युरेटची तीन वाचनं जुळत नसतील तर का, हे विचार आणि तिथून बैठक सुरू कर. तेवढी मदत करायला पूर्ण मुभा आहे.