वेळ वाचतो, पण कोणाचा?

वर्गात पॉवरपॉइंटच्या स्लाइड दाखवून शिकवलं की फळ्यावर लिहिण्याचा वेळ वाचतो, असं म्हणतात; ते मान्य. पण गणितात तोच वेळ मुलांना विचार करायला मिळत असतो. वर्गसमीकरणाचं सूत्र सिद्ध करताना दोन्ही बाजूंना एकच पद मिळवून डावीकडे पूर्ण वर्ग करतो. खडूने लिहिताना सर तिथे क्षणभर थांबतात आणि मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतं, "हे पद आलं कुठून?" स्लाइडवर सिद्धता आयतीच येते. सगळे माना डोलावतात, की पुढची स्लाइड. वही कोरी, कारण फाइल नंतर ग्रुपवर येणारच असते.

मुद्द्यांच्या ठोकळ्यांत युक्तिवाद हरवतो, ही तक्रार फक्त शाळेतली नाही. कोलंबिया या अवकाशयानाच्या अपघाताच्या 2003 मधल्या चौकशी अहवालानेही तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइड वापरण्याच्या नासाच्या सवयीवर टीका केली होती.

जीवशास्त्रात मात्र मी बिनशर्त स्लाइडच्या बाजूने. हृदयाच्या झडपांची उघडझाप फळ्यावर कशी दाखवणार?

मराठी माध्यमाची एक वेगळीच डोकेदुखी: घरी जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची सामाईक पद्धत) नसलेल्या फाँटात टाइप केलेली फाइल शाळेच्या संगणकावर उघडली की नुसती अगम्य अक्षरं. युनिकोडमध्येच टाइप करा, शिवाय पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.

आणि हो, पॉवरपॉइंटचा स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवरचं 'बी' दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की स्लाइड परत येते. मुलांशी बोलायचं असेल तेव्हा खुशाल वापरा.